माझा स्वभाव नक्की कितपत माझा?

कडेची खुर्ची:
बरेच दिवस हा धागा काढू का नको चाललं होतं, आज काढतेच. आमच्या घरात ऑफिसात बसून काम करणारी मी पहिलीच, आई-वडील दोघांनीही आयुष्यभर अंगमेहनत केली. नोकरीला नऊ वर्षं झाली, काम मला चांगलं येतं, पण मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. मुद्दा नसतो असं नाही, वहीत लिहिलेला असतो. मागच्या महिन्यात तर असं झालं की माझ्या वहीत जे होतं तेच सहा महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा बोलून गेला, खुर्चीत आरामात मागे रेलून, "मला वाटतं आपण हे उलट करून बघूया का?" आणि सगळ्यांनी लगेच लिहून घेतलं. तेव्हा माझं लक्ष माझ्या बसण्याकडे गेलं. मी खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले होते, कुणी "उठ" म्हटलं तर लगेच उठता यावं तशी. नऊ वर्षांत मीटिंगमध्ये मी खुर्चीला पाठ टेकवलेलीच नाही हो.

अप्रेझलमध्ये दरवर्षी "शांत स्वभाव" असं लिहून येतं. मैत्रिणींत मी अजिबात शांत नाही. मग हा स्वभाव माझा आहे का कुणी तरी माझ्यात घातलाय? आणि घातलेला असेल तर काढता येतो का?

जुना वाचक:
तुमचं खुर्चीचं वाचलं आणि पहिल्यांदा पिएर बोर्द्यू आठवला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, १९३० चा जन्म, एका लहान गावातल्या पोस्टात काम करणाऱ्याचा मुलगा, पुढे देशातल्या सगळ्यात मानाच्या संस्थांमध्ये शिकवायला गेला. त्यानं यासाठी 'हॅबिटस' असा शब्द वापरला. आपण कुठल्या घरात, कुठल्या थरात वाढलो ते डोक्यात तर राहतंच पण त्याआधी अंगात मुरतं, म्हणजे कसं चालायचं, किती मोठ्यानं हसायचं, कुणासमोर नजर खाली घ्यायची. आणि एकदा मुरलं की ते शिकलेलं वाटतच नाही, "मी अशीच आहे" वाटतं. विषमता टिकते ती इथेच, कारण रोज उठून दाबायला कुणी लागत नाही, आपणच आपल्याला आवरतो.

दुसरं म्हणजे त्याचं सांस्कृतिक भांडवल. पैसा जसा वारशानं मिळतो तसंच बोलायची ढब, आवडीनिवडी, मोठ्या लोकांत वावरायची सवय हेही मिळतं, फक्त ते कुठल्या मृत्युपत्रात लिहिलेलं नसतं म्हणून वारसा वाटत नाही, गुणवत्ता वाटते. त्या मुलाचं रेलून बसणं हा त्याचा वारसा आहे. तो वाईट मुलगा आहे असं मी म्हणत नाहीये, त्याला बहुतेक ठाऊकही नसेल.

फळा-खडू:
मी शाळेत शिकवते म्हणून लिहितेय. ॲनेट लारो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १२ कुटुंबांच्या घरात अक्षरशः जाऊन-राहून मुलं कशी वाढवली जातात ते पाहिलं होतं. त्यातला एक प्रसंग मी विसरूच शकत नाही. एक मध्यमवर्गीय आई मुलाला डॉक्टरकडे नेतेय आणि गाडीत त्याला सांगतेय की डॉक्टरांना काय विचारायचं ते आत्ताच ठरवून ठेव, लाजू नकोस, काहीही विचार. आणि तो नऊ-दहा वर्षांचा पोरगा खरंच डॉक्टरांना मध्येच थांबवून प्रश्न विचारतो. कष्टकरी घरातल्या मुलांना प्रेम कमी मिळत होतं असं अजिबात नाही, उलट त्यांना खेळायला मोकळीक जास्त, नातेवाइकांत ऊठबस जास्त, पण डॉक्टर, शिक्षक असे लोक समोर आले की घरातले गप्प व्हायचे आणि मुलं ते बघत होती.

माझ्या वर्गात हेच दिसतं. काही मुलं गणित अडलं की सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात, काही तास संपेपर्यंत वहीत खाडाखोड करत बसतात. मी कित्येक वर्षं पहिल्यांना हुशार आणि दुसऱ्यांना समजूतदार म्हणत आले. ताई, तुमच्या अप्रेझलमधलं "शांत स्वभाव" वाचून आज मला माझ्याच प्रगतिपुस्तकातले शेरे आठवले, आणि बरं नाही वाटलं.

दोन्हीकडून:
थोडा असहमत आहे. सगळंच समाजानं घडवलं म्हटलं तर माणूस म्हणजे नुसती ओली माती झाली. मी आणि माझा भाऊ एकाच घरात वाढलो, एकाच शाळेत गेलो, तो कुणाशीही भांडू शकतो, मला फोनवर तक्रार करायची तरी तीनदा विचार करावा लागतो. जन्मजात काही असतंच की. शिवाय "मला असं घडवलंय" हे एकदा मनात बसलं की प्रयत्नच सुटतात, असंही बघितलंय.

जुना वाचक:
@दोन्हीकडून, जन्मजात काही नसतं असं कुणीच म्हणत नाहीये. पण कडेची खुर्ची मैत्रिणींत शांत नाहीत असं त्यांनीच लिहिलंय ना! एकच बाई एका खोलीत बोलकी आणि दुसरीत गप्प असेल तर खोलीकडेही बघायला नको का?

अर्ज क्रमांक:
सगळं स्वतःला घडवण्यावर चाललंय म्हणून लिहितो, समोरच्याच्या हातातल्या सत्तेबद्दल कुणी बोलेना. मी नोकरभरतीत काम केलंय. २००४ साली प्रसिद्ध झालेला बर्ट्रंड आणि मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांचा प्रयोग बघा, बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना त्यांनी जवळपास ५,००० बनावट बायोडेटा पाठवले, नावं तेवढी चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही कुणालाही दिलेली, काही गोऱ्यांची वाटणारी, काही कृष्णवर्णीयांची. गोऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक फोन, दुसऱ्याला १५ मागे एक. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच, बायोडेटा जास्त चांगला केला तर गोऱ्या नावाचा फायदा बराच वाढला, दुसऱ्या नावाचा फारच थोडा. म्हणजे "अजून मेहनत कर" हा सल्ला सगळ्यांना सारखा फळत नाही. इथे त्या उमेदवारानं खुर्चीत कसं बसावं याचा प्रश्नच नाही, त्याला खोलीत बोलावलंच नाही.

आणि माणूस एकाच कप्प्यात नसतो. १९७६ मध्ये अमेरिकेत काही कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर केलेल्या दाव्याचा निकाल लागला. आधी त्यांना घेतलं नव्हतं, नंतर घेतलं आणि कपात आली तेव्हा नवीन म्हणून आधी त्यांनाच काढलं. कोर्ट म्हणालं कंपनीनं बायका घेतल्यात की (त्या गोऱ्या होत्या), आणि बाई व कृष्णवर्णीय हे दोन्ही मिळून वेगळा दावा मान्य करायला नकार दिला. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अशाच निकालांवरून इंटरसेक्शनॅलिटीची मांडणी केली, म्हणजे वेगवेगळे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येऊन पडतात तेव्हा ते सुटे सुटे बघून चालत नाही. तुमच्या बाबतीतही तुम्ही कष्टकऱ्यांची मुलगी आहात आणि बाईही आहात, दोन्हीचं ओझं एकाच वेळी त्या खुर्चीवर बसतं, कुठलं कुठे संपतं ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

कडेची खुर्ची:
सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. @दोन्हीकडून, तुमचं प्रयत्न सुटण्याचं मनाला लागलं, पण माझं उलट झालंय, आजवर मला वाटायचं माझ्यातच काही तरी कमी आहे आणि त्यानंच जास्त हातपाय गळायचे. @फळा-खडू, लहानपणी आईबरोबर फॉर्म भरायला गेले की ती खिडकीबाहेर उभी राहून माझा हात दाबायची, गप्प राहा म्हणून. तिला भीती वाटायची की आपण काही चुकीचं बोललो तर काम अडेल, आणि खरंच अडायचंही. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

मंगळवारी मीटिंग होती. पाठ टेकवून बसले. पहिली दहा मिनिटं कुणी तरी ओरडेल असंच वाटत होतं. बोलले एकदाच, आवाज कापला, मॅनेजर "हं" म्हणून पुढे गेले. अर्ध्या तासानं दुसऱ्या कुणी तरी तेच मांडलं तेव्हा शेजारची सहकारी म्हणाली, "हे तिनं मघाशीच सांगितलं." मी तिला असं करायला सांगितलं नव्हतं. तिच्या बाबतीत मी हे गेल्या नऊ वर्षांत एकदाही केलेलं नाही.