पियाजे की वायगॉट्स्की, नक्की कोणाचं धरायचं?

पेपरवाली:
बालविकासाचा पेपर तोंडावर आलाय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. दोघं मानसशास्त्रज्ञ, पण पियाजे म्हणे मूल स्वतः करून बघत शिकतं, वायगॉट्स्की म्हणे आधी माणसांत राहून शिकतं. त्यात मुलाची विचारशक्ती कशी वाढते त्याच्या पियाजेच्या अवस्था, वर्षांत ०-२, २-७, ७-११ आणि पुढची, पाठ केल्या तर भाची साडेपाचची, कधी आठची वाटते कधी तीनची. ही वयं खरी धरायची का?

शून्य_ते_सहा:
वयं ढोबळ गं, क्रम महत्त्वाचा. भाचीलाच विचारून बघ, दोन सारखे ग्लास, पाणी सारखं, ते तिच्याकडून कबूल करून घे आणि मग तिच्यासमोरच एकातलं उंच अरुंद ग्लासात ओत. "यात जास्त" म्हणून उंच ग्लास दाखवेल बहुतेक. उंची वाढली हे दिसतं पण रुंदी कमी झाली हे त्याच वेळी लक्षात धरणं जमत नाही या वयात.

मागचा_बाक:
यात एक गोम आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवलं आणि परत तोच प्रश्न विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी सारख्याच संख्येच्या चकत्यांच्या दोन रांगा लावल्या आणि एक रांग खोडकर टेडीने विस्कटली असं दाखवलं, तर ४ ते ६ वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी "सारख्याच आहेत" सांगितलं. म्हणजे पियाजेने लहान मुलांना जरा कमीच लेखलं, असं माझं मत. पेपरात हे लिहिच, नुसत्या अवस्था सगळेच लिहितात.

शून्य_ते_सहा:
टेडीचं मान्य, पण म्हणून अवस्था मोडीत निघत नाहीत हां.

पेपरवाली:
बरं, आणि वायगॉट्स्कीशी नेमका फरक काय लिहू?

मागचा_बाक:
दोघं १८९६ चेच, वायगॉट्स्की १९३४ लाच गेला. फरक दाखवायला मुलाची स्वतःशीच चाललेली बडबड घे. कोडं जुळवताना "हा इथे नाही बसत, फिरवू" असं पुटपुटतात बघ. पियाजेच्या मते हे आत्मकेंद्री, म्हणजे ऐकणाऱ्याचा विचार न करता केलेलं बोलणं, मोठं होताना गळून पडतं. वायगॉट्स्की म्हणतो गळत नाही, आत जातं आणि त्याचाच विचार होतो, म्हणून काम अवघड झालं की बडबड वाढते. वायगॉट्स्कीचं झेडपीडी (झोन ऑफ प्रॉक्सिमल डेव्हलपमेंट) त्यानंतर लिही, म्हणजे एकट्याने जमत नाही पण कोणी सोबत असलं की जमतं तो पट्टा.

पेपरवाली:
आणि एरिकसन?

शून्य_ते_सहा:
त्याला यात घुसडू नकोस. त्याचे आठ टप्पे मनोसामाजिक, म्हणजे आजूबाजूच्या माणसांशी असलेल्या नात्यांतून मन कसं घडतं त्याचे, जन्मापासून म्हातारपणापर्यंत. वेगळा प्रश्न येतो त्याच्यावर.