ऑटोमॅटिक डिझेल गाडीचा उतावळा ॲक्सिलरेटर : शिकायचे कोणी, पायाने की पेडलने?

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत आम्ही दीड लिटर डिझेल इंजिनाची ऑटोमॅटिक गाडी घेतली. त्याआधी एकोणीस वर्षे मी क्लच-गिअरच्याच गाड्या चालवल्या आणि त्या काळात माझ्या हातून गाडीला साधा ओरखडाही गेला नाही, हे अभिमान म्हणून नव्हे तर पुढचे नीट समजावे म्हणून सांगतो.

आमच्या घराच्या फाटकासमोर नाली आहे आणि तिच्यावरून आत येण्यासाठी जेमतेम हातभर लांबीचा, पण चांगलाच उभा असा सिमेंटचा उतार केलेला आहे. पुढची चाके त्या उताराला टेकली की गाडी आपल्या रांगत्या गतीने, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता ती जेवढी पुढे सरकते तेवढ्याने, वर चढत नाही, तिथेच अडते. ॲक्सिलरेटर थोडा दाबला तर क्षणभर काहीच होत नाही. किंचित आणखी दाबला की चाके चढतात आणि जी ताकद चढायला लागली तीच आता सपाट अंगणात मोकळी सुटते. दोन आठवड्यांपूर्वी आई फाटक धरून उभी असताना गाडी अशीच आत उसळली आणि मी ब्रेक दाबेपर्यंत तुळशीवृंदावनापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबली. आई काहीच बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून ती फाटक उघडते आणि मी गाडी आत घेईपर्यंत ओट्यावर जाऊन उभी राहते.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. तपासणीत दोष आढळला नाही, आणि "साहेब, डिझेल ऑटोमॅटिक अशीच असते, सवय होईल," असे उत्तर मिळाले. माझा आक्षेप या उत्तराला आहे. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार जात नाही; पेडलखालचा सेन्सर पाय किती दाबला एवढेच संगणकाला कळवतो आणि त्या दाबाला किती ताकद द्यायची हे कंपनीने भरून ठेवलेल्या कोष्टकावरून ठरते. म्हणजे हा उतावळेपणा इंजिनाचा स्वभाव नाही, कोणीतरी बसून घेतलेला निर्णय आहे. पहिल्या दोन बोटांच्या दाबात भरपूर ताकद ओतली की दहा मिनिटांच्या चाचणी-फेरीत ग्राहकाला गाडी दमदार वाटते, आणि त्याची किंमत पुढे दहा वर्षे अंगणात, शाळेसमोर आणि आपल्या नागपुरातील इतवारीच्या गल्ल्यांत मोजावी लागते. गाडी बंद केल्यावर पुढचे दिवे किती सेकंदांनी विझावेत हे मला गाडीच्या पडद्यावर ठरवता येते, मग पेडल किती मऊ असावे हे का ठरवता येऊ नये?

वर्धारोडवासी

आपल्या आईंना इजा झाली नाही हे वाचून बरे वाटले. तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

आपल्याकडे आधी पेट्रोल गाडी असावी असा माझा अंदाज आहे. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि तोही इंजिन चांगले फिरू लागल्यावर मिळतो. आपल्या प्रकारच्या दीड लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटरपर्यंत असतो आणि तो इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांपासूनच हजर होतो. शिवाय क्लचच्या गाडीत ही ताकद चाकांपर्यंत किती जाऊ द्यायची हे आपला डावा पाय ठरवत होता. ते काम आता एकट्या उजव्या पायावर आले आहे. एकोणीस वर्षांची सवय म्हणजे दोन पायांनी वाटून घेतलेल्या कामाची सवय, आणि ती सहा महिन्यांत एका पायाला साधली नाही तर त्यात आपला दोष नाही, पण गाडीचाही नाही.

मी रोज मनीषनगरहून बुटीबोरीला जातो. सुरुवातीचे दोन महिने छत्रपती चौकात माझीही गाडी अशीच उसळायची. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले की टाच जमिनीला घट्ट टेकवा, पाय उचलून दाबू नका, फक्त चवडा टाचेवर फिरवा. त्यासाठी आसन थोडे पुढे घ्यावे लागले आणि जाड तळाचे बूट गाडी चालवताना घालणे सोडले. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात तासभर केवळ थांबणे आणि निघणे एवढेच केले. यंत्र बदलण्यापूर्वी माणसाने इतके करून पाहावे असे माझे प्रामाणिक मत आहे.

नंदनवन गॅरेज

मी बावीस वर्षे डिझेल गाड्यांचे काम करतो. दोघांचे बोलणे काही अंशी बरोबर आहे, पण मध्ये एक पायरी राहून गेली आहे, ती आधी सांगतो.

उसळी पहिल्या दिवसापासून आहे की मधूनच सुरू झाली? मधूनच सुरू झाली असेल तर सवयीची भाषा बंद करून गाडी स्कॅनरला लावायला हवी. पेडलखालच्या सेन्सरमध्ये दोन वेगळे संकेत निघतात आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे संगणक सतत पाहतो. न जुळल्यास गाडी मंदावते आणि दिवा लागतो. हवा मोजणारा सेन्सर मळला, टर्बोच्या नळीला चीर गेली किंवा हवेच्या मार्गात काजळी साचली तरी ताकद तुटक मिळू लागते. आणि सर्वांत आधी पायाखालची मॅट पाहा. बाहेरून घेतलेली जाड रबरी मॅट पुढे सरकून पेडलला अडकल्याची प्रकरणे माझ्याकडे दर महिन्याला येतात.

दोष नसेल तर मूळ कारण असे आहे. डिझेल इंजिनात हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत, किती इंधन फवारले त्यावर ती ठरते. जास्त इंधन जाळायला जास्त हवा लागते, ती टर्बो पुरवतो, आणि टर्बो फिरतो धुराच्या जोरावर. इंजिन मंद असताना धूर कमी, म्हणून टर्बो सुस्त. आपण दाबता, क्षणभर काही होत नाही, म्हणून आणखी दाबता. तेवढ्यात टर्बो भरतो आणि दोन्ही दाबांचा हिशेब एकदम चुकता होतो. त्यात गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून ताकद पोहोचवणारा, असेल तर अडलेल्या गाडीला हलवताना तो इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुपटीपर्यंत वाढवून देतो. त्रिमूर्तीनगरकरांच्या उतारावर या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात.

पाहण्यासारखे आणखी एक : ऑटो होल्ड चालू असेल तर बंद करा. ते चालू असताना गाडी ब्रेक सोडल्यावर रांगत नाही, ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय सुटतच नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी निघताना झटका बसतो. बंद केल्यावर ब्रेक हळू सोडावा, गाडीला ताशी पाच-सात किलोमीटरच्या गतीने स्वतःहून निघू द्यावे आणि ती चालू लागल्यावरच पाय पेडलवर न्यावा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यानेच मिटल्या आहेत.

धरमपेठकर

मी माझ्या गाडीला पेडल बॉक्स बसवून घेतला आहे. पेडलची जोडणी आणि संगणक यांच्यामध्ये तो बसतो, इंजिनाची ताकद वाढवत नाही, केवळ संकेत बदलतो. लोक तो गाडी चपळ करण्यासाठी घेतात, मी मात्र त्यातील मऊ पर्यायावर ठेवला आहे आणि आता शंकरनगरच्या गर्दीत गाडी लोण्यासारखी निघते. जे कंपनीने दिले नाही ते आपण घेतले, त्यात वावगे काय? तोवर उतारावर डाव्या पायाने ब्रेक हलका धरून उजव्याने ॲक्सिलरेटर दाबण्याचा उपायही करून पाहता येईल.

नंदनवन गॅरेज

धरमपेठकर, आपल्याला आराम मिळाला हे मी नाकारत नाही, पण दोन्ही सल्ले मी कोणाला देणार नाही.

पेडलचे दोन संकेत एकमेकांना तपासतात असे वर लिहिले, ती सुरक्षेची व्यवस्था आहे. तो बॉक्स बरोबर तिच्या मध्ये बसतो आणि संगणकाला जे दाखवायचे ते स्वतः तयार करून दाखवतो. उद्या त्यातच बिघाड झाला तर संगणकाला खरा पाय दिसणार नाही. वॉरंटीतील गाडीला तो लावून पुढे इंजिनाचे काही निघाले तर कंपनीशी वाद घालण्यात वर्ष जाते. डाव्या पायाचे म्हणाल, तर अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की इंजिनाची ताकद तोडली जाते, म्हणजे उतार चढणारच नाही. आणि ज्याने वर्षानुवर्षे क्लच दाबला त्याच्या डाव्या पायाला पेडल तळापर्यंत दाबायचेच ठाऊक असते, हलके दाबणे त्याला येत नाही. मागून ई-रिक्षा येत असेल तेव्हा ही गोष्ट फार महागात पडते.

सदरवासिनी

या चर्चेत गाडी चालवणारा एकच आहे असे सर्वांनी गृहीत धरले आहे. आमच्या घरी एका ऑटोमॅटिक डिझेल गाडीवर चार जण आहेत : मी, माझे यजमान, कॉलेजमधला मुलगा आणि आठवड्यातून एकदा बँकेत जाणारे सासरे, ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि ज्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. वर्धारोडवासींनी सांगितलेली टाचेची पद्धत योग्यच आहे, पण माझे पाऊल लहान आहे. टाच जमिनीला टेकवली की माझा चवडा पेडलच्या खालच्या कडेलाच पोहोचतो आणि तिथे तरफ अशी बसते की थोडे दाबायचे तर जोर लावावा लागतो व जोर लावला की जास्त दाबले जाते. यावर मी आसन पुढे घेते, मग स्टिअरिंग छातीजवळ येते.

यजमान रोज चालवतात, त्यांच्या पायाला गाडी कळली. मी पंधरा दिवसांतून दोनदा चालवते. गाडी माझ्याकडून उसळली की घरात एकच वाक्य ऐकू येते, "हळू दाबत जा ना!" मी हळूच दाबते. हजार किलोमीटरमध्ये पाय शिकतो असे म्हणतात, ते खरे मानले तरी माझे हजार किलोमीटर पुरे व्हायला वर्ष लागते आणि सासऱ्यांचे कधीच होणार नाहीत. म्हणून त्रिमूर्तीनगरकरांची मागणी मला रास्त वाटते. पेडलचे कोष्टक घरातील सर्वांत कमी सराव असलेल्या पायाचा विचार करून ठेवावे, आणि ज्याला चपळाई हवी त्याने ती बटण दाबून घ्यावी.

वर्धारोडवासी

ताई, आपले म्हणणे मला पटले, विशेषतः पावलाच्या लांबीचे. मी माझ्या नऊ नंबरच्या बुटावरून सर्वांना सल्ला देत होतो हे मान्य करतो.

तरीही मऊ पेडल म्हणजे सुरक्षित पेडल हे समीकरण मला धोक्याचे वाटते. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ट्रकला ओलांडताना किंवा गल्लीतून मोठ्या रस्त्यावर वळताना गाडीने तत्काळ साथ दिली नाही तर माणूस समोरच्या वाहनासमोर आडवा राहतो. डिझेल ऑटोमॅटिकमध्ये टर्बोची एक ढिलाई आधीच आहे, तिच्यावर पेडलची दुसरी चढवली तर चालक पाय आणखी जोरात दाबायला शिकेल आणि मग वरच्या उसळीपेक्षा मोठी उसळी बसेल. माझ्या गाडीत इंधन वाचवणारा इको मोड आहे. त्यात पेडल मऊ होते हे खरे, पण एकदा याच मोडमध्ये मानेवाडा चौकात वळताना बस येत होती आणि गाडी निघेचना. त्यानंतर मी तो मोड शहरात वापरलेला नाही.

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठ दिवसांत जे केले ते लिहितो.

उसळी पहिल्या दिवसापासून होती आणि स्कॅनरवर काही निघाले नाही, त्यामुळे दोषाचा प्रश्न मिटला. मॅट जागच्या जागी आहे. ऑटो होल्ड मात्र चालूच होते. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी विक्रेत्याच्या मुलाने कौतुकाने चालू करून दिले आणि ते बंद करता येते हे मला सुचलेही नाही. बंद केल्यापासून बर्डीच्या गर्दीतील झटके जवळजवळ गेले. नंदनवन गॅरेजच्या या एका सूचनेने जे साधले ते सर्व्हिस सेंटरच्या दोन फेऱ्यांत कोणी सांगितले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उतारावरची उसळी कमी झाली, गेली नाही. इको मोडमध्ये ती थोडी बोथट होते. वर्धारोडवासींचा बसचा अनुभव मी गंभीरपणे घेतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. मोठ्या रस्त्यावर वळताना आपण पेडल अर्ध्याहून अधिक दाबतो, अंगणात पहिल्या दशांशातच काम असते. कोष्टकाचा पहिला भाग मऊ आणि पुढचा तसाच ठेवणे शक्य असताना सगळे पेडल तरी बोथट करा, नाहीतर सगळे तिखट सहन करा, अशी दोनच टोके ग्राहकापुढे का ठेवावीत? इको मोडमध्ये ते संपूर्ण पेडल मंद करतात, तीच त्याची उणीव आहे. याबाबत मी कंपनीच्या ग्राहक कक्षाला सविस्तर पत्र पाठवले आहे. सदरवासिनींच्या लहान पावलाचा मुद्दा, नाव न घेता, त्यात लिहिला आहे, कारण माझ्या तक्रारीपेक्षा तो अधिक वजनाचा आहे.

दरम्यान काल गवंड्याला बोलावले. उतार हातभराऐवजी दीड मीटर लांब केला तर पुढची चाके रांगत्या गतीनेच चढतील असे मोजून दिसते. बाहेरच्या बाजूने वाढवला तर नाली आणि रस्ता अडतो, म्हणून तो आतल्या बाजूला अंगणातून खोदून घ्यायचा आहे, आणि त्यासाठी वृंदावन चार फूट मागे सरकवावे लागेल. आईने जागा दाखवून दिली आहे.