१११ शेर तांदळाचे अनारसे! ओसीआर जाणणाऱ्यांनी मदत करा

मिरजेची_सून
सासूबाईंकडे महिला मंडळाची १९५६ सालची पाककृतींची पुस्तिका आहे. पानं ८४, हात लावला की कोपरे गळतात. सगळं टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनवर फोटो काढून ओसीआर केलं, म्हणजे फोटोतली अक्षरं ॲपकडून वाचून घेतली. ॲपमध्ये मराठी सापडेना, मग हिंदी आणि इंग्रजी निवडली. नंतर इंग्रजी आकडे एका फटक्यात मराठी करून घेतले. आता अनारशांना "१११ शेर तांदूळ" लागतायत! गूळचा गूल झालाय, पुऱ्यांच्या पु-या. सासूबाई म्हणतात, खायला अख्खी मिरज बोलव. कुठं चुकतंय?

फुकटचा_सल्ला
हिंदी काढा आधी. पुऱ्यांमधला तो अर्धा र हिंदीत नसतोच, म्हणून आडवी रेघ येते. टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर वापरून बघा, फुकट आहे आणि त्यात मराठी वेगळी निवडता येते. चौथ्या आवृत्तीपासून ते एकेक अक्षर तोडत बसत नाही, अख्खी ओळ वाचतं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, त्यामुळे फरक पडतो. आणि फोनचे फोटो नकोत, स्कॅनरवर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद घाला, म्हणजे पाठची छपाई उमटत नाही.

खिळेजुळारी
ताई, मी बरीच वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले. पुस्तकात "१॥ शेर" असणार, म्हणजे दीड. आकड्यापुढची एक उभी काडी पाव, दोन काड्या अर्धा, तीन काड्या पाऊण. यंत्राला त्या काड्या इंग्रजी एक वाटल्या. इंग्रजी काढलीत तरी काड्या नजरेनंच तपासा, एखादी गळली तर अर्ध्याचा पाव होतो.

दुसरं, पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं आहे. "पीठ मळावें", "तें तळावें" अशी टिंबं सापडतील. काही यंत्र गाळेल, काही मुळातच उठलेली नसतील, कारण झिजलेल्या खिळ्याचं टिंब आधी जातं. जुनी टिंबं ठेवायची की नाही ते आधी ठरवा, नाहीतर प्रूफ तपासताना डोकं फिरेल.

मिरजेची_सून
काका, पुस्तक उघडून बघितलं, १॥च आहे! सासूबाईंना काड्या वाचता येतात, मला कुणी विचारलंच नव्हतं शाळेत. टिंबं ठेवतेय, त्यांना तशीच हवीत.

काल स्कॅनरवर मराठीत केलं. गूळ, पुऱ्या जागेवर आल्या. काड्या मात्र अजून कुठं एक, कुठं कानाच होतात. जुन्या फाइलमधले सगळे ११ शोधून एकदम ॥ करणार होते, सासूबाईंनी अडवलं. बासुंदीत खरोखरच ११ वेलदोडे आहेत.