टेकडीवरची घाणेरी उपटायची की राहू द्यायची?

रानवाटा:
दर रविवारी आम्ही काही जण टेकडीवर घाणेरी (टणटणी म्हणा हवं तर) काढायला जातो. परवा एका काकूंनी हटकलं, "फुललेली झाडं कशाला मारता?" म्हणून हा धागा. ही मूळची उष्ण अमेरिकेतली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली, पण बागेत कुठली राहतेय! बुलबुलांनी फळं खाऊन बी रानोमाळ नेलं. जाळी दाट झाली की खाली गवत तग धरत नाही. माझं मत, काढा.

उगाच_एक:
मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ, सगळे तिकडचेच. तेही उपटणार?

रानवाटा:
मिरचीने डोंगर व्यापलेला पाहिलात कधी? परकी आहे म्हणून भांडण नाहीच, शेजाऱ्याला जगू देत नाही म्हणून आहे.

बांधावरून:
आमच्या बांधाला घाणेरीचंच कुंपण आहे. शेळी तोंड लावत नाही, खर्च शून्य, वाळल्या काटक्या चुलीला. पिकलेली काळी फळं लहानपणी आम्ही सगळ्यांनीच खाल्लीत. फुलपाखरं बघायची तर या बांधावर. रविवारचा व्यायामच हवा असेल तर गाजर गवत उपटा की, खाज आणि दमा देणारं. (हातमोजे घालून हं!)

गोठेवाली:
दादा, शेळी शहाणी, गाय नाही. चारा संपला होता तेव्हा आमच्या गायीने खाल्ली. कावीळ झाली, उन्हात गेली की कातडी सोलायची. कितीतरी दिवस सावलीत बांधून ठेवली. कुंपण फुकट पडलं नाही आम्हाला.

पालापाचोळा:
रानवाटा, तुम्ही कोयत्याने वरवर छाटत असाल तर श्रम वाया. बुडख्यातून दुप्पट फुटवे येतात, जाळली तरी तेच. मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडा आणि झुडूप उलटं टाकून वाळवा. रिकाम्या जागेत लगेच देशी गवत पेरा, नाहीतर रानमोडीचं तण टपलेलंच आहे. कर्नाटकात मलेमहादेश्वरच्या डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काठ्यांचं वेतासारखं फर्निचर करतात. चांगलंच आहे, पण खुर्च्या विणून डोंगर मोकळा होत नसतो. बांधावरून, तुम्ही निर्गुडी लावा. आपलीच आहे, गुरंही खात नाहीत.

बांधावरून:
निर्गुडीला काटा कुठाय? रानडुक्कर काय वास घेऊन परत जाणार? टेकडी तुमची, खुशाल काढा. बांधाचं मी बघतो.