कन्सोल तापून बंद पडतोय, घरी उघडू का?

रात्रपाळी: जुना गेमिंग कन्सोल आहे, अर्धा तास खेळलं की विमान उडाल्यासारखा घोंघावतो आणि मग जास्त तापल्याचा मेसेज येऊन थेट बंद. वॉरंटी केव्हाच संपलीये. कुणी म्हणतं थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदल कुणी म्हणतं पंखा, आधी काय करू?

स्क्रूवाला: आधी मागे मोकळी जागा आहे का बघ, बंद कपाटात तीच गरम हवा परत आत ओढली जाते. मग एअर कॅनने (दाबलेल्या हवेच्या डब्याने) जाळ्या साफ कर पण पंख्याचं पातं काडीने अडवून धर, हवेच्या झोताने पंखा वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर नको, स्टॅटिकची भीती.

कटकट्या: धूळ काढूनही तापला तर थर्मल पेस्ट वाळलीये समज. प्लग काढून जरा थांब, मग उघड, जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुस, नवी थोडीच लाव, जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही (हे लोकांना कधी पटत नाही). पॉवर सप्लायचा डबा मात्र अजिबात उघडू नकोस, कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरलेला असतो, शॉक बसू शकतो.

स्क्रूवाला: आणि पीएस 5 (प्लेस्टेशन 5) असेल तर हीटसिंकला (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) हात लावू नको, आत पेस्ट नाही लिक्विड मेटल (पातळ धातू) असतं, बोर्डवर सांडलं तर शॉर्ट.

रात्रपाळी: नाही, त्याच्या आधीचा आहे. पंखा बोटाने फिरवला तर अडकत फिरतोय, बदलू?

कटकट्या: बदलच. जुन्या पंख्यावरचा नंबर बघूनच मागव, कनेक्टर वेगवेगळे असतात.