टेबलाची उंची कामगारांच्या सरासरी उंचीवरून ठरवावी का?

प्रश्न
भोसरीतील एका लहान कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. उभ्याने जोडणी करण्याच्या आमच्या लाइनवरील सर्व टेबले ९५ सें.मी. उंच आहेत. उंच कामगार शिफ्ट सुटताना कंबर धरतात, तर ठेंगण्या महिला खांदे उचलून स्क्रू आवळतात. त्यांपैकी एका ताईंनी तर पॅकिंगच्या पेटीची फळीच पायाखाली घेतली आहे. सर्वांच्या उंचीची सरासरी काढून नवी टेबले करावीत, असे मालकांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १
सरासरी काढू नये. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांच्या शरीराची दहा मापे तपासली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही निघाला नाही. शिवाय आपल्याला डोक्यापर्यंतची उंची नको, कोपराची हवी. कामावरचे बूट घालून, दंड सैल सोडून आणि हात काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. हलक्या जोडणीसाठी हात कोपराच्या ५ ते १० सें.मी. खाली चालावेत, जोर लावायचा असेल तर आणखी खाली, आणि नजर रोखून करायचे बारीक काम असेल तर कोपराच्या किंचित वर. मात्र ही उंची टेबलाची नव्हे, स्क्रूच्या माथ्याची आहे. फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) आणि जॉब (जोडायची वस्तू) यांची उंची धरायला बहुतेक जण विसरतात.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. टेबल उंच माणसाच्या मापाने करून ठेंगण्यांना चौथरा द्यावा, कारण उंच माणसाला जमिनीत उतरवता येत नाही! चौथरा मात्र उभे राहण्याची पूर्ण जागा व्यापणारा आणि न घसरणारा असावा. ताईंची ती फळी आजच काढावी, पाय मुरगळेल. सुट्या भागांचे ट्रे याउलट सर्वांत आखूड हाताच्या टप्प्यात हवेत.

उत्तर ३
स्क्रूड्रायव्हर कोणता आहे? आडव्या पृष्ठभागावर पिस्तुलासारख्या मुठीचा वापरला, तर कोपर बाहेर काढून खांदा उचलावाच लागतो, मग टेबल कितीही नेमके असो. तेथे सरळ दांड्याचा, वरून टांगलेला घ्यावा. आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. लाइनवर स्टुले आहेत का?

प्रश्नकर्ता
आज मोजले. ताईंचे कोपर ९३ सें.मी.वर आहे आणि स्क्रूचा माथा १०९ वर. स्क्रूड्रायव्हरही पिस्तूल मुठीचाच निघाला. टेबलाला हात लावण्याआधी फिक्श्चर टेबलात खाली बसवता येते का, हे फिटरना विचारले आहे. स्टुले आहेत, पण त्यांवर सध्या रिकामे ट्रे रचलेले आहेत.