मदत हवी आहे: वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करायची आहेत, सुरुवात कुठून करू?

पागोळी

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वाचनालय आहे. सरकारी वर्गवारीत ब वर्ग, शंभरी कधीच उलटलेली. दीड वर्षापूर्वी मला सहचिटणीस केलं, म्हणजे चहा सांगणे आणि इतिवृत्त लिहिणे ही दोन खाती माझ्याकडे आली. आता तिसरं आलंय.

मुंबईला असलेल्या एका गाववाल्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ७५ हजार रुपये दिलेत. सोबत एकच वाक्य: "ग्रंथालय डिजिटल करा." विजयादशमीला वर्धापनदिन असतो, तोवर काहीतरी दिसायला हवं. आमचे अध्यक्ष म्हणतात, मोठा स्कॅनर आणू, सगळं स्कॅन करू, मग पुस्तकं रद्दीत गेली तरी हरकत नाही. (ग्रंथपालकाकांनी त्या दिवसापासून अध्यक्षांशी बोलणं टाकलंय.)

परिस्थिती अशी. साधारण ११ हजार पुस्तकं. त्यातली मागच्या खोलीतल्या चार कपाटांत जुनी, अंदाजे दीड हजार. कसर आहे, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, काही पानं नुसती उलटली तरी कोपरा हातात येतो. 'मनोरंजन' मासिकाचे सहा बांधीव खंड आहेत. (मराठीतला पहिला मानला जाणारा १९०९चा दिवाळी अंक त्यात नाही. विचारू नका, मीही आधी तोच शोधला.)

आणि हा पहिला प्रयत्न नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एकांनी पैसे घेऊन ९० पुस्तकं स्कॅन करून दिली होती. चौदा डीव्हीडी. त्यातल्या पाच आता उघडत नाहीत, उरलेल्यांतली पानं इतकी दाबून बारीक केलीत की जोडाक्षरं म्हणजे शाईचे ठिपके. शिवाय पानं सपाट पडावीत म्हणून सोळा पुस्तकांचे पुठ्ठे कापून टाकले होते. ती सोळा आज सुतळीने बांधून ठेवलीत.

माझे प्रश्न: स्कॅनर कोणता घ्यावा? जालावर काय टाकता येतं, काय नाही? आणि शेवटचा थोडा वेगळा आहे. अकरावी-बारावीची मुलं प्रकल्पासाठी येतात, "गावाचा इतिहास" म्हणतात आणि मोबाइलवरचं उतरवून जातात. मुलांना तरी काय बोलणार, गेल्या वर्षी आमच्याच स्मरणिकेत एक व्हॉट्सॲपवरचा मजकूर 'जुन्या कागदपत्रांवरून' म्हणून छापून आला. याचं काही करता येईल का?

---

चटपट

फोनवर स्कॅनर ॲप टाका की. फुकट आहे. ७५ हजारांत वाचनालयाला नवे पंखे बसवा.

---

बोरूबहाद्दर

पागोळीताई, मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो, निवृत्त होऊन सहा झाली. तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, अबोला चालू ठेवा.

स्कॅनर कोणता, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुमच्याकडे काय आहे याची धड यादी आहे का? दाखल नोंदवही (आलेलं पुस्तक क्रमांक घालून टिपतात ती) सांगू नका, ती सगळ्यांकडे असते. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकपान बघून केलेली यादी. ती नसताना स्कॅनिंग सुरू केलं की मजूर जे पहिलं हाताला लागेल ते करतात, आणि पहिलं हाताला लागतं ते सगळ्यांकडे असलेलं.

दीड हजारातली कितीतरी पुस्तकं आधीच कुणीतरी स्कॅन केलेली निघतील. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातली पुष्कळ मराठी पुस्तकं आता इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर आहेत. फक्त शोधताना डोकं थंड ठेवा. नावं रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी लिहिलेली असतात. एकच नाव चार स्पेलिंगांनी शोधा, मग लेखकाच्या आडनावाने शोधा. छपाईच्या सुरुवातीच्या काळातलं काही सापडलं तर राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर दोलामुद्रितं आहेत, तिथे बघा. १९३७पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' मिळवा. त्यातही नाही आणि जालावरही नाही असं पुस्तक निघालं, तर मला आधी कळवा!

यादीत वर्षाचे दोन रकाने करा. एकात जसं छापलंय तसं, दुसऱ्यात इसवी सन. शके १८४६ छापलेलं पुस्तक संगणकावर सरळ १८४६ सालचं करून टाकलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्यावर 'दुर्मिळ' अशी चिठ्ठीही लावलेली. ते १९२४-२५चं होतं. शकात ७८ मिळवायचे, वर्षाअखेरीस पौषाच्या आसपास ७९.

---

पागोळी

बोरूबहाद्दर काका, यादी आहे असं मला अभिमानाने सांगायचं होतं. २००३ साली कुणीतरी एक्सेलमध्ये केली होती, ६ हजार पुस्तकांची. आत्ता उघडली. सगळा रोमन अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा दिसतोय. गेली का?

---

रात्रपाळी

गेली नाही. ती युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर देवनागरी देवनागरीच दिसते त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या काळी श्रीलिपी, योगेश वगैरे फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खालचं रोमन उघडं पडलं. जुना संगणक किंवा सीडी कुठे माळ्यावर असेल तर फॉन्टचं नाव शोधा, मग परिवर्तक वापरून युनिकोड करता येईल. आधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा.

रूपांतर झाल्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून 'माहिती'चं 'मािहती' होतं. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हमखास मोडतात. तुमच्याकडे कऱ्हाडच्या प्रकाशकाचं पुस्तक असेल तर तीच ओळ आधी तपासा.

यादी नीट झाली की कोहा किंवा ई-ग्रंथालय या ग्रंथालयांसाठीच्या संगणकप्रणालींपैकी काहीतरी घ्या. कोहाला परवान्याचे पैसे लागत नाहीत. देवघेवही त्यातच होते.

आता स्कॅनर. घेऊ नका असंच म्हणेन. सपाट काचेचा स्कॅनर म्हणजे पुस्तक पालथं घालून दाबणं, तुमची सोळा पुस्तकं तशीच गेलीत. वरून फोटो काढा. डेमी आकाराचं पुस्तक उघडून ठेवलं तर साधारण ११ बाय साडेआठ इंच. १२ मेगापिक्सेलच्या फोनने ते चौकटभर घेतलं तर इंचाला साडेतीनशे ठिपके मिळतात, वाचायला आणि अक्षरओळखीला पुरेसे. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळाला तर आणखी बरं. म्हणजे चटपट यांचं निम्मं बरोबर आहे, फक्त ॲप नको. ॲप स्वतःच्या अकलेने पान सरळ करतं, पांढरं करतं आणि फिकट अनुस्वार खाऊन टाकतं.

लागेल ते: घट्ट स्टँड, दोन दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, पुस्तक अर्धवटच उघडेल असा इंग्रजी व्ही आकाराचा लाकडी पाळणा. गावातला सुतार करून देईल. कागद पातळ असून मागची छपाई दिसत असेल तर पानाखाली काळा कार्डपेपर. कसरीची भोकं असतील तर मात्र पांढरा, नाहीतर प्रत्येक भोक काळा ठिपका होईल.

खरा खर्च साठवणीचा. डेमी पान ३०० ठिपक्यांनी, रंगीत, न दाबता ठेवलं तर साडेबारा एमबी. २५० पानांचं पुस्तक तीन जीबीच्या वर. ४०० पुस्तकं म्हणजे सव्वा टीबी, आणि त्याच्या तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. पीडीएफ लोकांना द्यायला. मूळ चित्रं कधीही पुसायची नाहीत. फाइलला नाव दाखल क्रमांकाचं द्या, पुस्तकाचं नको.

---

केळफूल

अक्षरओळखीबद्दल थोडं. मी विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या मुक्त संग्रहावर मुद्रितशोधन करते. जुन्या छपाईत ओसीआर (यंत्राने अक्षरं ओळखणं) बऱ्यापैकी चालतं, पण कागदावरच्या डागाला ते अनुस्वार समजतं. आणि मजा अशी, की जुन्या लेखनात खरे अनुस्वारही ढिगाने असतात. 'तें', 'घरांत', 'कोंकणांतील'. १९६२च्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यामुळे डाग कुठला आणि अनुस्वार कुठला, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं.

शोधतानाही हे लक्षात ठेवा. मुलगा 'कोकणातील' असं शोधेल, पुस्तकात 'कोंकणांतील' असेल, यंत्र म्हणेल काही सापडलं नाही. मुलगा समजेल की माहितीच नाही. हे मुलांना दोन्ही लेखनं फळ्यावर लिहून दाखवा. मी दाखवलं तेव्हा एकीने विचारलं, "म्हणजे आजी चुकीचं लिहीत नव्हती?"

---

तारीखपेतारीख

जालावर काय टाकता येईल ते सांगतो. वकिली करतो, पण हा सल्ला फुकट आहे तेव्हा त्याच भावाने घ्या.

लेखक वारला, त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून मुक्त. खांडेकर १९७६मध्ये गेले, तेव्हा २०३६ संपेपर्यंत थांबा. पुस्तक किती जुनं आहे यावर हे ठरत नाही. १९३०चं पुस्तक असेल आणि लेखक ऐंशी सालापर्यंत जगला असेल, तर ते बंदच. लेखकाचं नावच नसेल किंवा टोपणनाव असेल आणि खरा माणूस कळलेला नसेल, तर प्रकाशनापासून साठ. अनुवाद असेल तर अनुवादकाचं आयुष्य वेगळं मोजा, हे नव्वद टक्के लोक विसरतात. (टक्केवारी माझ्या मनातली.) मासिकात तर प्रत्येक लेख वेगळ्या माणसाचा, म्हणून 'मनोरंजन'चा अख्खा खंड टाकण्याआधी अनुक्रमणिका घेऊन बसा.

पण जतनासाठी घाबरायचं कारण नाही. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सोय झाली आहे: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. साठवता येते म्हणजे जगाला वाटता येते असं नाही. तेव्हा दोन कप्पे करा, एक जालावरचा आणि एक कपाटातला.

---

बोरूबहाद्दर

वकीलसाहेबांनी मोलाचं सांगितलं. आता माझा मूळ मुद्दा पुढे नेतो. ताई, त्या चार कपाटांत छापील पुस्तकांखेरीज काय आहे? तळाचा खण बघा. प्रत्येक जुन्या वाचनालयात एक असतो, जिथे 'नंतर बघू' असं ठेवलेलं असतं. इतिवृत्तं, पावतीपुस्तकं, गावातल्या कुणी चार अंक काढून बंद पाडलेलं हस्तलिखित मासिक. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी निघेल. याची निघणार नाही.

---

पागोळी

अपडेट देते.

काल रविवार होता. ग्रंथपालकाका, मी आणि दोन बारावीच्या मुली (प्रकल्पाचे गुण देईन म्हटलं, देणारी मी कोण!) अशा चौघांनी तळाचा खण काढला. नाकाला ओढणी बांधून. एक खोका पूर्ण वाळवीने खाल्लेला, त्याचं काही झालं नाही. बाकीच्यांत १९१८पासूनची इतिवृत्तं, नाटकाच्या जाहिरातींचे कागद आणि एक जाड वही. पुठ्ठ्यावर 'वाचकांच्या सूचना'.

मंडळी, मी ती वही घेऊन तिथेच फरशीवर बसले. १९३१ ते १९३८. एकाने लिहिलंय, दिव्याला तेल कमी घालतात, साडेसातनंतर वाचवत नाही. त्याखाली चिटणीस: 'वर्गणी थकली आहे.' एका बाईंनी लिहिलंय की बायकांसाठी दुपारची एक वेळ राखावी, आणि त्याखाली सात सह्या, एक अंगठा. मंजूर झालं का ते तिथे नाही. मुलींपैकी एक लगेच उठून त्या सालचं इतिवृत्त शोधायला लागली, कुणी न सांगता. सापडलं. तिसऱ्या सभेत, 'बुधवार दुपारी २ ते ४'. स्मरणिकेत छापलं होतं की स्त्रियांना पहिल्या दिवसापासून प्रवेश होता. ती मला म्हणाली, "मॅडम, मग आपण चुकीचं छापलं?" मी म्हटलं, हो.

तर ठरलं असं: दसऱ्यापर्यंत ही वही आणि १९४०पर्यंतची इतिवृत्तं. सुताराला पाळण्याचं सांगितलंय. अध्यक्षांना वही दाखवली, ते तासभर वाचत बसले, रद्दीचा विषय निघाला नाही.

---

केळफूल

नावं-गावं आहेत ना त्यात? कुणाची वर्गणी थकली वगैरे जालावर टाकण्याआधी कार्यकारिणीत विचार करा. नातवंडं गावातच असतील.

---

पागोळी

केळफूल, बरोबर. थकबाकीची पानं कपाटातल्या कप्प्यात.

आता एक नवी मदत हवी आहे. वहीत मधेमधे शेरे मोडीत आहेत. १९३४च्या एका पानाचा फोटो जोडतेय. देवनागरीत फक्त पुस्तकाचा क्रमांक आहे, ४१२. बाकी मला काही लागत नाही. कुणी वाचेल का?

---

बोरूबहाद्दर

हात घाईचा आहे, पण लागतं. 'हे पुस्तक तीन वेळा मागितले. चिटणीस यांनी आपले घरी नेले आहे ते', मग एक शब्द शाईखाली गेलाय, 'आणवावे'. खाली सही, ती नाही लागत. पुस्तक कोणतं होतं?

---

पागोळी

दाखल नोंदवही बघून आले. ४१२ला नाव आहे, लेखक आहे, किंमत बारा आणे. शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ'.